डोंगर कागदावर कसा वाचावा: स्थलदर्शक नकाशा आणि सह्याद्रीची भूरूपे

शाळेत आपण नकाशा ‘भरतो’. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, सीमा ठळक, आणि मार्क मिळाले की विषय संपतो. नकाशा वाचायला फार थोड्यांना शिकवले जाते. त्यामुळे पठार, कडा, खिंड, सोंड ही भूरूपे वहीतल्या व्याख्यांपुरती राहतात. खरे तर एका कागदावरून अख्खा डोंगर डोळ्यांसमोर उभा करता येतो, आणि त्यासाठी लागणारी रीत दोन-तीन संध्याकाळी बसून कोणालाही जमेल. उदाहरणासाठी हरिश्चंद्रगडाचा परिसर घेऊ, कारण सह्याद्रीची जवळजवळ सगळी भूरूपे तिथे नकाशाच्या एका शिटात, म्हणजे एका छापील तुकड्यात, सापडतात.

आधी योग्य नकाशा निवडा

राजकीय नकाशा राज्ये, जिल्हे आणि शहरे दाखवतो. प्राकृतिक नकाशात उंचीनुसार रंग बदलतात, त्यातून सह्याद्री कुठे आणि दख्खनचे पठार कुठे एवढे समजते. विषयात्मक नकाशा एकच गोष्ट सांगतो: पाऊस, मृदा, लोकसंख्या किंवा पिके. भूमी अभिलेख कार्यालयात मिळणारा गाव नकाशा गटांच्या हद्दी दाखवतो, पण त्या गटात चढ आहे की सपाटी, हे त्यावरून कळत नाही.

भूरूपांसाठी स्थलदर्शक नकाशाच हवा. लोक त्याला टोपोशीट म्हणतात. १७६७ साली स्थापन झालेला आणि डेहराडूनला मुख्यालय असलेला भारतीय सर्वेक्षण विभाग हे नकाशे तयार करतो. सर्वांसाठी खुल्या असलेल्या मालिकेतली शिटे विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून उतरवून घेता येतात.

शिटाचा क्रमांक शोधा

जुन्या पद्धतीत देशाचे ४ अंश × ४ अंशांचे मोठे चौकोन पाडले आहेत. १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांमधला चौकोन ४७ क्रमांकाचा. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग होतात, आणि त्यांना इंग्रजी वर्णमालेतली ए ते पी ही अक्षरे दिली आहेत. अक्षरे वरून खाली मोजत जायची, एक स्तंभ संपला की उजवीकडचा घ्यायचा. प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा तुकडे, १ ते १६, त्याच क्रमाने. असा शेवटचा तुकडा १५ मिनिटे × १५ मिनिटांचा असतो, आणि तेच आपले शीट.

हरिश्चंद्रगड साधारण १९ अंश २३ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ४७ मिनिटे पूर्व येथे आहे. वरच्या रीतीने मोजत गेलात की ४७ ई/१५ हे शीट मिळते. गड मात्र या शिटाच्या पश्चिम काठाजवळ आहे, म्हणून गडाच्या पश्चिमेकडच्या कोकणकड्याखालचा मुलूख पाहायला शेजारचे ४७ ई/११ सोबत ठेवा. नव्या खुल्या मालिकेत क्रमांक वेगळे आहेत. महाराष्ट्राच्या या भागातल्या शिटांचा क्रमांक ई ४३ ने सुरू होतो.

प्रमाण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

शिटावर १:५०,००० असे छापलेले असते. म्हणजे कागदावरचा १ सेंमी जमिनीवर ५०० मीटर, आणि २ सेंमी म्हणजे १ किमी. इथे विद्यार्थी नेहमी अडखळतात तो मुद्दा असा: १:१०,००० हे बृहद् प्रमाण आणि १:१०,००,००० हे लघु प्रमाण. आकडा जितका मोठा, तितका तपशील कमी.

नकाशाची प्रिंट किंवा झेरॉक्स काढताना आकार लहान-मोठा झाला, तर छापलेले १:५०,००० खोटे ठरते. तळाशी असलेली रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबरच आक्रसते किंवा ताणली जाते, म्हणून ती खरी राहते. अंतर नेहमी तिच्यावरच मोजा. वळणावळणाच्या वाटेसाठी दोरा वाटेवर ठेवून मग पट्टीवर ताणून पाहा.

रंग

लाल रंगात रस्ते आणि वस्त्या, हिरव्यात वने, पिवळ्यात लागवडीची जमीन, निळ्यात पाणी. काळ्या रंगात नावे, रेल्वे, सीमा आणि कोरडे ओढेसुद्धा. हा शेवटचा भाग डोंगरात फिरणाऱ्याने पक्का लक्षात ठेवावा. काळ्या रेषेने काढलेला ओढा पावसाळ्यापुरताच वाहतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये त्याच्या भरवशावर पाण्याचे नियोजन करू नये. आकड्यापुढे इंग्रजी आर हे लहान अक्षर दिसले, तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसून आसपासच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली असते, जसे बांध किंवा विहीर.

उरला तपकिरी रंग. सगळा डोंगर त्यात आहे.

समोच्च रेषा: इथे वेळ द्या

समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा ती समोच्च रेषा. ती प्रत्यक्ष पाहायची असेल, तर भंडारदऱ्यासारख्या धरणाच्या काठावर उभे राहा. संथ पाण्याची कड प्रत्येक घळीत (ओढ्याच्या खोलगट भागात) आत शिरते आणि प्रत्येक सोंडेला (डोंगराच्या बाहेर आलेल्या उतरत्या फाट्याला) वळसा घालून बाहेर येते. ती कड हीच एक समोच्च रेषा आहे. उन्हाळ्यात पाणी उतरत जाते आणि काठावर एकाखाली एक आडव्या खुणा राहतात, त्या खालच्या-खालच्या उंचीच्या रेषा.

१:५०,००० च्या शिटावर दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक असतो. दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड रेषा दर १०० मीटरला. आधी फक्त जाड रेषा शोधा आणि त्यांवरचे आकडे वाचा, म्हणजे चढ कोणत्या बाजूला आहे ते ठरते. मग एका सेंटिमीटरमध्ये किती रेषा येतात ते मोजा. पाच आल्या तर ५०० मीटरमध्ये १०० मीटर चढ, सुमारे ११ अंशांचा, निवांत चालण्याजोगा. दहा आल्या तर सुमारे २२ अंश, दम लागेल. वीस आल्या तर उतार ३९ अंशांच्या आसपास जातो. अशा ठिकाणी नकाशात पायवाट दाखवलेली नसेल, तर सरळ रेषेत चढायचा बेत सोडून द्या.

एक धोका लक्षात ठेवाच. १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे पूर्ण लपू शकतो. नकाशात मोकळे दिसते म्हणजे जमिनीवर मोकळे असेलच असे नाही.

आता भूरूपे ओळखा

*सोंड आणि घळ.* दोन्हींत रेषा व्ही अक्षरासारख्या वळतात. व्हीचे टोक चढाकडे असेल तर घळ किंवा ओढ्याचे खोरे, उताराकडे असेल तर सोंड. खात्रीसाठी पाण्याची रेषा पाहा, ती घळीतूनच जाणार. एवढे एक ओळखता आले की अर्धा नकाशा उलगडतो, म्हणून इतर काही करण्याआधी शिटावरच्या दहा-बारा घळी निळ्या पेन्सिलीने आणि तितक्याच सोंडा तपकिरी पेन्सिलीने काढून पाहा.

*पठार.* वर रेषा विरळ आणि कडेला दाट. हरिश्चंद्रगडाचा माथा असाच आहे. त्यावर तारामतीचे शिखर उठलेले आहे, सुमारे १,४२० मीटरचे.

*खिंड.* दोन बंद वर्तुळांच्या, म्हणजे दोन उंचवट्यांच्या मधली खालची जागा. घाटवाटा बहुधा इथूनच ओलांडतात.

*कडा.* रेषा एकमेकींत मिसळतात. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि मधे आत वळलेला आहे. वरचा भाग खालच्यापेक्षा पुढे येतो, हे समोच्च रेषांना दाखवता येत नाही, त्या एकमेकींवर चढून एकच जाड पट्टा दिसतो. तिथली अंतर्वक्रता डोळ्यांनीच पाहावी लागते.

*पायऱ्या.* सह्याद्रीचे खरे वैशिष्ट्य हेच. रेषा दाट, मग विरळ, पुन्हा दाट, पुन्हा विरळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतल्या घट्ट बेसाल्टचे कडे झाले आणि मऊ, सच्छिद्र थर झिजून मधे पदर, म्हणजे सपाटसे पट्टे, तयार झाले. नकाशात दाट पट्टा म्हणजे कातळ, विरळ पट्टा म्हणजे पदर. आता त्या विरळ पट्ट्यात पाहा: वाड्या, शेताचे तुकडे आणि आडव्या जाणाऱ्या पायवाटा तिथेच सापडतील. माणूस डोंगरात कुठे राहतो, हे दगडाने ठरवलेले आहे.

*बंद वर्तुळ: टेकडी की खड्डा?* आकडे वाचल्याशिवाय सांगता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर सुमारे १.८ किमी व्यासाचे आहे, म्हणजे या प्रमाणावर साडेतीन सेंटिमीटरहून थोडे मोठे. तिथे रेषांचे आकडे आतल्या बाजूला कमी होत जातात. टेकडीत ते वाढतात.

*जलविभाजक.* म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणारी माथ्यांची रेषा. पेन्सिलीने माथ्यामाथ्यावरून अशी रेषा काढा की ती एकाही ओढ्याला छेदणार नाही. या शिटांवर अशी रेषा काढली की पश्चिमेचे पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला जाते, आणि पूर्वेचे मुळा नदीतून प्रवरेला, प्रवरेतून गोदावरीला मिळून थेट बंगालच्या उपसागराला. पश्चिमेचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असल्याने ते डोंगर मागे मागे कोरत जातात. त्यामुळेच त्या बाजूला नाळी (अरुंद, तीव्र उताराच्या घळी) आणि कडे, तर पूर्वेला रुंद खोरी दिसतात.

छेद काढा

छेद म्हणजे डोंगर उभा कापला तर बाजूने दिसणारी त्याची आकृती. नकाशावर दोन जागा निवडून सरळ रेषा आखा. तिच्यावर कागदाची पट्टी ठेवा, प्रत्येक जाड रेषेशी खूण करा, उंची लिहा. पट्टी आलेखाच्या कागदावर उतरवा, उभ्या अक्षावर १ सेंमी = १०० मीटर घ्या आणि बिंदू जोडा. आडव्या अक्षावर १ सेंमी ५०० मीटरचा असल्याने डोंगर पाचपट उंच दिसेल, हे कोपऱ्यात लिहून ठेवा. कोकणकड्यावरून पूर्व-पश्चिम छेद काढलात, तर डावीकडे भिंत आणि उजवीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी जमीन असे चित्र येते.

मग जागेवर जा

मोकळ्या जागी नकाशा जमिनीवर पसरा, होकायंत्राने उत्तर जुळवा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक असल्याने वेगळी दुरुस्ती लागत नाही. समोर दिसणारी दोन ठळक शिखरे नकाशात ओळखा. प्रत्येकाची दिशा मोजून त्या शिखरापासून उलट दिशेने रेषा ओढा, दोन रेषा जिथे छेदतील तिथे तुम्ही उभे आहात. फोनवरचे स्थान जुन्या शिटावर थोडे सरकलेले दिसले तर गोंधळू नका, जुनी शिटे एव्हरेस्ट मापनावर आणि फोन डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो; पृथ्वीचा आकार धरून स्थान मोजण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. पायवाट बुजली असेल, वाडी हलली असेल, नवा रस्ता झाला असेल, तर ते तारखेसह शिटावर पेन्सिलीने लिहा.