‘सबऑर्डिनेट’ लिहिताना या चुका टाळा

एमपीएससीची पोरं, बायोडाटा घेऊन वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांकडं निघालेले डिप्लोमावाले, प्रमोशनच्या इंटरव्ह्यूला बसणारे चाळिशीतले क्लार्क, असे सगळ्या तऱ्हेचे लोक माझ्याकडं इंग्रजी तपासून घ्यायला येतात, आणि सगळ्यांच्या कागदात एक शब्द हमखास घोळ घालतो. सबऑर्डिनेट. स्पेलिंग पाठ असतं, अर्थ विचारला की ‘सर, खालचा माणूस’ एवढं सांगतात आणि पुढं जातात. तिथंच गाडी अडते, कारण खालचा म्हणजे कशात खालचा ते कुणी बघत नाही. पगारात? वयात? अकलेत? यातलं काहीच नाही. हुकमाच्या रांगेत खालचा, बास. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘ऑर्डो’ म्हणजे रांग, त्यातनं हा शब्द आला. आमच्याकडं निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत चालायचं, त्या काळातल्या माणसांना ‘मातहत’ म्हणलं की पुढं काही समजावावं लागायचं नाही. (त्या शब्दात ‘हात’ दिसतो म्हणून हाताखालचा, असं काहीजण लावतात, पण तो अरबीतला ‘तहत’ आहे, म्हणजे खाली.)

हाताखालचा म्हणलं की आधी एक छोटी चूक निपटून टाकू. ‘माझ्या हाताखाली पाच माणसं आहेत’ याचं इंग्रजी ‘आय हॅव फाइव्ह अंडरहँड पीपल’ असं करू नका. अंडरहँड म्हणजे लपूनछपून लबाडी करणारा. तुम्ही स्वतःच सांगायलात की माझ्या टीममध्ये पाच लबाड आहेत, आणि समोरचा ते वहीत लिहून घेतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक.

इनसबऑर्डिनेट

गंगाखेडकडचा एक पोरगा, माझ्याकडं डिप्लोमाच्या वेळी इंग्रजी शिकून गेलेला, कामाला पक्का, हात चालणारा. वाळूजला एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर झाला. एका नाईट शिफ्टला त्याचे दोन ऑपरेटर न सांगता मशीन सोडून चहाला गेले, तेवढ्यात प्लांट हेडचा राउंड झाला आणि दुसऱ्या दिवशी याला खुलासा मागणारी नोटीस आली. इथपर्यंत मामला साधा होता, दोन ओळीत मिटला असता. पण आमच्या पठ्ठ्याला भारी इंग्रजी पाहिजे होतं. मोबाईल काढला, ‘सबऑर्डिनेट’ टाइप करायला गेला, खाली सजेशनमध्ये ‘इनसबऑर्डिनेट’ आलं, ते जास्त लांब आणि जास्त वजनदार वाटलं म्हणून उचललं. मेल गेला: ‘आय हॅव ऑलवेज बीन इनसबऑर्डिनेट टू प्लांट हेड सर अँड आय विल रिमेन इनसबऑर्डिनेट.’

म्हणजे काय लिहिलं? मी साहेबांचं कधीच ऐकलं नाही आणि इथून पुढंही ऐकणार नाही. लेखी. कंपनीच्या मेलवरून. एचआरला कॉपी ठेवून.

आता हा नुसता भाषेचा विनोद नाही, हे नोकरीवाल्यांनी नीट समजून घ्या. इनसबऑर्डिनेशन म्हणजे वरिष्ठाचा हुकूम मुद्दाम न मानणं. कारखान्यांच्या स्टँडिंग ऑर्डर्सचा, म्हणजे नोकरीच्या नियमांचा, १९४६ चा जो कायदा २०२५ पर्यंत होता, त्याच्याखालच्या नमुना आदेशांत गैरवर्तनाची यादी दिलेली होती आणि त्या यादीत पहिलाच नंबर याचा होता, ‘विलफुल इनसबऑर्डिनेशन ऑर डिसओबिडियन्स’. चोरी त्याच्या नंतर यायची! यानं तर न विचारता कबुली देऊन टाकली होती. एचआरनं केबिनमध्ये बोलावून विचारलं, हे तुम्हीच लिहिलं का, तर हा छाती फुगवून ‘येस सर’.

रात्री मला फोन. ‘सर, मी चांगलंच लिहिलं होतं की ओ.’ मी म्हणलं, वाचून दाखव. वाचून दाखवलं. मी म्हणलं, अरे बाबा, ‘इन’ कामून लावलास? तर म्हणतो, ‘सर, इनचार्ज, इनसर्व्हिस, तसंच ना, लाईनच्या आतला.’ आता याला काय बोलणार. ‘इन’ कधी आत असतो आणि कधी नकार असतो, इनकरेक्ट, इनडायरेक्ट, इनसबऑर्डिनेट हे सगळे नकारवाले. एचआरचा माणूस समजूतदार निघाला म्हणून तोंडी समज देऊन मिटलं, आणि खुलासा परत लिहायला सांगितला. तो मी लिहून दिला: ‘टू ऑपरेटर्स हू रिपोर्ट टू मी लेफ्ट द मशीन विदाउट इन्फॉर्मिंग मी.’ बघा, यात सबऑर्डिनेट शब्दच नाही. माझी सवयच अशी आहे, ‘रिपोर्ट्स टू’नं काम भागत असेल तर मी सबऑर्डिनेटला हातच लावत नाही. वजनदार शब्दाचा सोस नवशिक्यालाच असतो. आणि मोबाईलनं सुचवलेला शब्द अर्थ न बघता दाबायचा, याच्याइतका महागडा शॉर्टकट दुसरा नाही, तुम्ही डिक्शनरी उघडायला अर्धा मिनिट देत नाही आणि मग रात्री अकराला मला फोन करता.

ज्युनियर आणि सबऑर्डिनेट एकच धरणं

ही दुसरी. ही चूक शिकलेले लोक जास्त करतात, प्राध्यापकसुद्धा करतात. ज्युनियर म्हणजे तुमच्यानंतर लागलेला किंवा खालच्या ग्रेडचा. सबऑर्डिनेट म्हणजे ज्याला तुम्ही हुकूम देऊ शकता असा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण असतीलच असं नाही. माझी परीक्षा एकच: त्याचा रजेचा अर्ज कुणाच्या टेबलावर जातो? तुमच्या टेबलावर येत असेल तर तो तुमचा सबऑर्डिनेट. नसेल तर तो तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी ज्युनियर का असेना, तुमचा सबऑर्डिनेट नाही.

गावातलंच बघा. तलाठी आणि ग्रामसेवक एकाच गावात काम करतात, पारावर एकाच बाकड्यावर बसलेले दिसतात, आणि लोक सर्रास समजतात की दोघांचा साहेब तहसीलदार. नाही. तलाठ्याची रांग महसूलची, मंडळ अधिकारी, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी अशी वर जाते. ग्रामसेवकाची रांग गटविकास अधिकाऱ्याकडून जिल्हा परिषदेच्या सीईओकडं जाते. म्हणजे ग्रामसेवक तहसीलदारापेक्षा पदानं खाली असला तरी त्याचा सबऑर्डिनेट नाही, आणि तलाठी-ग्रामसेवक तर एकमेकांचे कुणीच नाहीत. उलटंही होतं. एमपीएससीतून थेट आलेला सव्वीस वर्षांचा तहसीलदार आणि त्याच्या ऑफिसातला अव्वल कारकून, निवृत्तीला टेकलेला. वयानं, अनुभवानं, कायद्याच्या माहितीनंसुद्धा कारकून मोठा, पण सबऑर्डिनेट तोच. एका मॉक इंटरव्ह्यूत मी एका पोरीला विचारलं, तुझे सबऑर्डिनेट वयानं मोठे असले तर काय करशील? ती म्हणाली, सर, मोठा माणूस सबऑर्डिनेट कसा असेल? मार्क तिथंच गेले असते.

आणि इंटरव्ह्यूत ‘तुमचे सबऑर्डिनेट्स किती?’ असं विचारलं की फुगवून आकडा सांगू नका. साईटवरचे ठेकेदाराचे मजूर तुमचे सबऑर्डिनेट नसतात, त्यांची हजेरी ठेकेदार लावतो.

टू का दॅन

सबऑर्डिनेट दॅन, असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. टू. नेहमी टू. ज्युनियर टू, सीनियर टू, इन्फिरियर टू, सुपीरियर टू, सबऑर्डिनेट टू. नियम पाठ करायचा कंटाळा येत असेल तर राज्यघटनेतलं कलम ३११ पाठ करा, ते तुम्हाला जीएसच्या पेपरला तसंही लागतंच. ज्या अधिकाऱ्यानं नेमणूक केली त्याच्या खालचा अधिकारी सरकारी नोकराला बडतर्फ करू शकत नाही, हे सांगताना घटनेचे शब्द आहेत, ‘बाय ॲन ऑथॉरिटी सबऑर्डिनेट टू दॅट बाय विच ही वॉज अपॉइंटेड’. एका वाक्यात ग्रामर पण झालं आणि पॉलिटी पण. मी दोन्ही बॅचला हेच घोकून घेतो.

घटनेचा विषय निघालाच आहे तर कोर्टाचं पण सांगून टाकतो. कलम २३३ ते २३७ ‘सबऑर्डिनेट कोर्ट्स’बद्दल आहेत, जिल्हा न्यायालय आणि त्याच्या खालची. पोरं याचं ‘लोअर कोर्ट’ करतात. करू नका, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंच आपल्या रजिस्ट्रीला, म्हणजे कार्यालयाला, सांगितलं की ट्रायल कोर्टाला लोअर कोर्ट म्हणणं बंद करा. आणि संभाजीनगरच्या खंडपीठाचा निकाल सुप्रीम कोर्टात फिरू शकतो म्हणून हायकोर्ट सुप्रीम कोर्टाचं सबऑर्डिनेट, असंही लिहू नका. अपील वर जातं हे वेगळं आणि कारभार कुणाच्या ताब्यात आहे हे वेगळं. जिल्हा कोर्टांवर हायकोर्टाचा ताबा आहे, कलम २३५. हायकोर्टावर सुप्रीम कोर्टाचा तसा ताबा घटनेनं दिलेला नाही.

‘दुय्यम सेवा’ यातला दुय्यम म्हणजे हाच सबऑर्डिनेट. दुय्यम दर्जाचा माल म्हणतो तो दुय्यम नव्हे, पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक), एसटीआय (राज्यकर निरीक्षक), एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) होणाऱ्यांनी उगं कमीपणा घेऊ नये.

सबऑर्डिनेटच्या जागी इन्फिरियर लिहू नका. इंग्रजांच्या काळात सरकारी नियमांतच शिपायांच्या वगैरे नोकरीला ‘इन्फिरियर सर्व्हिस’ म्हणायचे, तो काळ गेला, आता तो शब्द माणसाला लावला तर शिवी होते. सबसर्व्हियंट म्हणजे लाळघोट्या, तो बायोडाटात टाकणारे पण भेटलेत मला. सबाल्टर्न वेगळा, फौजेत कॅप्टनच्या खालचा अधिकारी आणि इतिहासात दबलेल्या समाजांचा अभ्यास. एमए हिस्ट्रीवाले पेपरात ‘सबऑर्डिनेट स्टडीज’ लिहून येतात, त्यांना काय म्हणावं.

सबऑर्डिनेट क्लॉज, म्हणजे गौणवाक्य

इथं लै घाई होते. गौण म्हणलं की पोरांना वाटतं बिनमहत्त्वाचं, मग पेपरात ज्यात महत्त्वाची गोष्ट आहे त्याला मेन क्लॉज म्हणून टिक करतात. ‘पेपरात आलंय की जायकवाडीचे दरवाजे उघडले.’ गोदाकाठच्या माणसाला यातलं काय महत्त्वाचं? दरवाजे. पण प्रधानवाक्य आहे ‘पेपरात आलंय’, आणि दरवाजे बिचारे गौणवाक्यात. महत्त्व बघायचंच नाही, कोण कुणावर टेकलंय ते बघायचं. ‘की’ किंवा ‘दॅट’च्या पुढचं तुकडं एकटं उभं राहत नाही, म्हणून ते गौण. ऑफिसातल्यासारखंच, लायकीचा प्रश्न नाही, जागेचा आहे.

पण खरी बोंब जोडीची आहे. आपल्या भाषेत जरी आलं की तरी येतोच, जेव्हा आलं की तेव्हा येतो. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत उतरतो आणि ‘ऑल्दो इट रेन्ड, बट वी सोड लेट’ (पाऊस पडला तरी आम्ही उशिरा पेरलं) लिहितो. ऑल्दो लावलं की ते वाक्य सबऑर्डिनेट झालं, मग बट कशाला? बट दोन बरोबरीच्या वाक्यांना जोडतो. एकाच वाक्याला एकदा हाताखाली घ्यायचं आणि परत बरोबरीला बसवायचं, असं चालत नाही. ‘बिकॉज’ सोबत ‘सो’, ‘सिन्स’ सोबत ‘देअरफोर’, ‘व्हेन’ सोबत ‘देन’, सगळी तीच गत. यावर एखादा हुशार लगेच हात वर करतो, ‘सर, इफ-देन तर चालतं.’ चालतं. ते एक चालतं म्हणून बाकीच्यांना परवाना मिळत नाही.

माझा उपाय जुनाट आहे. वाक्य लिहून झालं की जोडशब्दावर पेन्सिलनं गोल करायचा. दोन वाक्यं आणि दोन गोल दिसले की एक खोडायचा. पेन्सिलनं, मोबाईलवर नाही. पोरं हसतात, पण करणाऱ्यांचे मार्क येतात.

अर्जात ‘बिकॉज माय फादर वॉज सिक.’ असं लिहून फुलस्टॉप देणं, हेही गौणवाक्य एकटं सोडून देणंच. बोलताना चालतं, अर्जात नाही. आणि ‘टेल मी व्हेअर इज द ऑफिस’ नको, ‘व्हेअर द ऑफिस इज’. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या हाताखाली गेला की त्याचा उलटा क्रम सुलटा होतो.

राहिला उच्चार. नाम किंवा विशेषण असेल तर शेवट ‘नट’कडं झुकतो, सबॉर्डिनट. क्रियापद असेल तर ‘नेट’. जोर दोन्हीकडं ‘बॉ’वर. ग्रॅज्युएट, सेपरेट, एस्टिमेट या शब्दांतपण शेवट असाच बदलतो. इंटरव्ह्यूत यावरनं कुणी तुम्हाला नापास करणार नाही, त्यामुळं रात्र-रात्र व्हिडिओ बघून उच्चार घासत बसू नका, तेवढ्या वेळात कलम ३११ पाठ होतं. स्पेलिंग मात्र सलग लिहा. ‘सब’ वेगळं तोडून मध्ये आडवी रेघ मारणारे सब-इन्स्पेक्टरवरून शिकलेत, त्यांनी ती रेघ तिकडंच ठेवावी.