बाइकच्या जाहिरातीत फॅशन आणि कला आणताय? या चुका टाळा

"साडी गार्ड काढून फोटो घेऊ का?" शूटच्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो. गार्ड काढला की मागचं चाक मोकळं दिसतं, हे खरं. तरी माझं उत्तर ठाम नकाराचं असतं. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान निम्मं चाक झाकलेलं हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 123 सांगतो. तोच गार्ड काढायचा आणि मॉडेलला घोळदार गाऊन घालायला लावून मागे बसवायचं? चेनजवळ उडणारा तो घोळ पाहून रोज गाडी चालवणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येतो. गाडीकडे तिचं लक्षच जात नाही.

ही चूक होते, कारण कपडे आधी ठरतात आणि गाडी नंतर पाहिली जाते. क्रम उलटा हवा.

वेस्पा स्कूटरचंच बघा. 1946 साली इटलीत पियाजिओ कंपनीसाठी ती घडवणारा कोरादिनो द'आस्कानिओ हा मुळात विमानं-हेलिकॉप्टरचा इंजिनिअर. मोटरसायकल त्याला आवडतच नसे. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकलं, चेन काढून टाकली, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा दिली. स्कर्ट घालून बसता येई आणि कपड्यांना ऑइल लागत नसे. कपड्यांचा विचार गाडीच्या घडणीतच होता. त्यामुळे 2015 मध्ये वेस्पा 946 या मॉडेलवर फॅशन ब्रँड अरमानीचं नाव आलं तेव्हा ते उपरं वाटलं नाही.

होंडाने 1963 मध्ये अमेरिकेत हेच ओळखलं. तिथे मोटरसायकलवाला म्हणजे लेदर जॅकेटमधला दांडगट, अशी समजूत होती. होंडाने रंगीत चित्रांत आई-मुलं, विद्यार्थी, नीटनेटकी जोडपी छोट्या होंडावर बसवली. झाकलेली चेन, पायांपुढे प्लॅस्टिकचं कवच. रोजच्या कपड्यांत बसलेली ती माणसं खरी वाटली.

उघड्या इंजिनाच्या गाडीचं गणित वेगळं. डुकाटी मॉन्स्टर या मोटरसायकलची जाळीदार फ्रेम 2021 च्या मॉडेलआधी उघडी असायची. 2012 मध्ये तिने हात मिळवला तो डेनिमवाल्या ‘डिझेल’ ब्रँडशी, आणि रंग घेतला मॅट हिरवा. ते जुळलं. अशा गाडीला जाड, रांगडं कापड, बूट आणि हेल्मेटच शोभतं. हेल्मेटने चेहरा झाकतो म्हणून ते हातात देणं मला सरसकट पटत नाही. गाडी उभी असेल तर चालेल, धावत असेल तर नाही.

आता एक आमचीच चूक. एका शोरूमच्या होर्डिंगसाठी मजकूर डावीकडे हवा होता, म्हणून फोटो आरशासारखा उलटा केला. टाकीवरचं नाव सरळ करून घेतलं, पण चेन उजवीकडे आणि सायलेन्सर डावीकडे गेला. पहिल्याच दिवशी समोरच्या गॅरेजमधल्या पोराने ते ओळखलं. होर्डिंग उतरवावं लागलं. लेआउट बदला, गाडी उलटी करू नका.

टाकीवर छत्री-लाइटचं आणि फोटोग्राफरचं प्रतिबिंब दिसतंय? क्रोमसाठी लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा) फिल्टर लावून उपयोग नाही, धातूवरचं प्रतिबिंब त्याने जात नाही. गाडीपेक्षा लांब पांढरं कापड ताणून त्यावर लाइट मारा, टाकीवर एक सलग चमकदार रेघ येईल.

आणि पार्श्वभूमीला रंगवलेली भिंत आवडली, तर आधी चित्रकाराला गाठा. सार्वजनिक जागेतल्या शिल्पाच्या फोटोला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. भिंतीवरच्या चित्रालाही ती मिळेल असं धरून चालू नका. घरमालकाने हो म्हटलं तरी चित्राचा हक्क सहसा चित्रकाराकडेच असतो. परवानगी लेखी घ्या, पैसे द्या, आणि जमलं तर जाहिरातीच्या कोपऱ्यात त्याचं नाव छापा.