कुंडीतली जलब्राह्मी

नाशिकच्या रोपवाटिकांत ब्राह्मी मागितली की पुष्कळदा लांब देठाची, गोल व कातरलेल्या कडांच्या पानांची मंडूकपर्णी हाती येते. म्हणून रोप घेताना पाने जवळून पाहावीत. जलब्राह्मीची पाने जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर लांबीची, जाडसर, रसदार आणि समोरासमोर जोडीने येणारी असतात, चावल्यास कडू लागतात आणि त्यांच्या बेचक्यांत पाच पाकळ्यांची पांढरी, क्वचित फिकट जांभळी झाक असलेली फुले येतात.

पसरट कुंडीत चिकणमाती व शेणखत कालवून दहा सेंटिमीटरचे फाटे आडवे दाबावेत, कारण प्रत्येक पेरावर मुळे फुटतात. माती सतत ओली राहिली पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची सावली द्यावी.

स्मरणशक्तीसाठी ब्राह्मीघृत आणि डोक्याला लावण्यासाठी ब्राह्मीतेल करण्याची परंपरा जुनी आहे; पोटात घ्यायचे असल्यास मात्र आधी वैद्यांना विचारावे. गोदाकाठच्या नाल्यांलगत उगवलेली ब्राह्मी कितीही टवटवीत दिसली तरी खुडू नये, कारण ही वनस्पती सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून पानांत साठवते.