समरी राउटचा घोळ: आधी कुठे बघायचं

नेटवर्क सपोर्टला नव्याने आलेल्यांना समरायझेशन, म्हणजे अनेक सबनेटचे राउट एकाच मोठ्या राउटमध्ये (समरीत) गुंडाळणं, परीक्षेपुरतं येतं. कामावर तक्रार येते ती अशी: "नाशिकचा सर्व्हर लागत नाही, बाकी सगळं चालू आहे." मुख्य राउटरवर 'शो आयपी राउट' मारला तर राउट दिसतो, तरी पॅकेट पोचत नाही. अशा वेळी राउट आहे का यापेक्षा तो कुणी जाहीर केलाय, हे आधी बघा.

एक केस सांगतो. कोल्हापूरचा राउटर ईआयजीआरपी या सिस्कोच्या राउटिंग प्रोटोकॉलमधून पुण्याला 10.20.0.0/20 (पत्त्याचे पहिले 20 बिट पक्के) ही समरी देत होता. म्हणजे 10.20.0 ते 10.20.15 सगळं माझ्याकडे, असा दावा. वापरात होती फक्त 6 ते 9 ही सबनेट. पुढे कुणीतरी नाशिकला 10.20.14.0/24 देऊन टाकलं. जास्त नेमका राउट जिंकतो, त्यामुळे नाशिकची लिंक चालू होती तोवर कुणाला पत्ताच लागला नाही. लिंक पडली, /24 टेबलातून गेला आणि पुण्याचा राउटर नाशिकची पॅकेट कोल्हापूरला धाडू लागला. पॅकेटची वाट दाखवणाऱ्या ट्रेसराउटमध्ये कोल्हापूरचा पत्ता आणि त्यापुढे '!एच', म्हणजे होस्टपर्यंत पोचता येत नाही. झालं, सगळे कोल्हापूरचा फायरवॉल तपासत बसले!

पॅकेट तिथे मरत होतं ते नल झीरोमुळे, म्हणजे आलेलं पॅकेट फेकून देणाऱ्या आभासी इंटरफेसमुळे. इंटरफेसवर 'आयपी समरी-अ‍ॅड्रेस ईआयजीआरपी' दिली की राउटर स्वतःच्या टेबलात त्याच समरीचा नल झीरोकडे जाणारा राउट टाकतो, डिस्टन्स (राउटवरच्या भरवशाचा आकडा, कमी तितका चांगला) 5. नवी मुलं तो बघून दचकतात. त्याला हात लावू नका. तो नसला तर काय होतं ते स्टॅटिक राउटमध्ये दिसतं: मुख्यालयातून शाखेकडे स्टॅटिक समरी, शाखेतून मुख्यालयाकडे डिफॉल्ट राउट, आणि न वापरलेल्या सबनेटचं पॅकेट टीटीएल (उड्यांची मर्यादा) संपेपर्यंत दोघांत टोलवलं जातं. ट्रेसराउटमध्ये तेच दोन पत्ते आलटून पालटून आले की हेच.

आता /20 आली कुठून? 6 ते 9 म्हणजे चार सबनेट, तर /22 पुरेल असं वाटतं. पण तिसरा ऑक्टेट बायनरीत मांडा: 00000110 आणि 00001001. पहिले चारच बिट जुळतात, आधीच्या दोन ऑक्टेटचे 16 धरून 20, म्हणून एकच समरी हवी तर /20, आणि मग नको ती बारा सबनेटही आपल्या नावावर. त्यापेक्षा 10.20.6.0/23 आणि 10.20.8.0/23 अशा दोन द्या. 8 ते 11 असती तर /22 चपखल बसली असती.

ओएसपीएफ या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये समरीची 'एरिया रेंज' ही कमांड एबीआरवरच (दोन एरियांच्या सीमेवरच्या राउटरवरच) चालते. आतल्या राउटरवर दिली तर कमांड मुकाट घेतली जाते आणि काहीच होत नाही. बाहेरून रीडिस्ट्रिब्यूट केलेल्या (दुसरीकडून ओएसपीएफमध्ये आणलेल्या) राउटसाठी ते आणणाऱ्या राउटरवर, म्हणजे एएसबीआरवर, 'समरी-अ‍ॅड्रेस'. आणि आयओएस (सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम) 15 च्या आधीचा राउटर असेल तर 'शो आयपी प्रोटोकॉल्स'मध्ये ईआयजीआरपीची ऑटो-समरी (न सांगता आपोआप होणारी समरी) बघाच, तिथे ती बाय डिफॉल्ट चालू असते.

दुरुस्ती करताना दोन्ही /23 आधी टाका, पुण्यात त्या आल्याची खात्री करा, मगच /20 काढा. समरी बदलली की शेजारी राउटरशी रीसिंक होतो, जुन्या आयओएसवर तर नेबरशिप तुटून पुन्हा जुळते. तेव्हा हे काम भर ऑफिसच्या वेळेत नको, चेंज विंडो मागून घ्या.