किराणा दुकानासाठी मुद्रा कर्ज घेताना

२०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५० हजार रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे ‘किशोर’ कर्ज तारणाशिवाय मिळते; मात्र मुद्रा संस्था ते दुकानदाराला थेट देत नसल्याने अर्ज बँक, बँकेतर वित्तसंस्था किंवा सूक्ष्मवित्त संस्था (छोटी कर्जे देणारी संस्था) यांच्याकडेच करावा लागतो. त्यापूर्वी काही महिन्यांची विक्री, उधारी आणि घरखर्च वेगवेगळा लिहून काढावा, कारण गल्ल्यातून घरासाठी उचललेले पैसे नोंदवले नाहीत, तर किती रुपयांचा हप्ता झेपेल हे कळतच नाही. आधार, पॅन, उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी; ती निःशुल्क असते, दलालाला पैसे देऊ नयेत) आणि खरेदीचे दरपत्रक जोडावे. दिवाळीचा माल भरण्यासाठी मुदत कर्जापेक्षा (ठरावीक मुदतीत हप्त्यांनी फेडायचे कर्ज) कॅश क्रेडिट (मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तशी रक्कम काढण्या-भरण्याची सोय) सोयीचे ठरते, कारण त्यात वापरलेल्या रकमेवरच व्याज लागते.