पुराव्यांची शिदोरी: गावातून शहरातल्या वस्तीत राहायला जाण्यापूर्वी

विदर्भातल्या कोरडवाहू गावांत कापसाची शेवटची वेचणी आटोपून पराट्या उपटून झाल्या की मजुरीची कामे जवळजवळ संपतात आणि मृगाच्या पावसापर्यंत अनेक कुटुंबे नागपूर, पुणे किंवा मुंबईची वाट धरतात. तिथे मजुराला परवडणारी खोली बहुधा झोपडपट्टीतच मिळते. पाणी, संडास आणि तुंबलेल्या नाल्या यांचा त्रास पहिल्याच दिवशी दिसतो; आपण इथे राहतो व काम करतो हे सिद्ध करता येत नाही, ही अडचण मात्र गरज पडेपर्यंत लक्षातच येत नाही. तिची निम्मी तयारी गावातच करावी लागते.

सर्वप्रथम रास्त भाव दुकानात जाऊन घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झाली आहे का, हे तपासावे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेमुळे गावचेच कार्ड शहरातल्या दुकानात चालते, त्यामुळे गावातले नाव कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. रेशनच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबाला दर महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळते आणि त्यातला काही भाग गावात, उरलेला शहरात उचलता येतो. गावी राहिलेल्या आईवडिलांनी सगळेच धान्य उचलले तर शहरातल्यांसाठी काही उरत नाही, म्हणून कोणी किती उचलायचे हे आधीच ठरवून घ्यावे.

मुले सोबत येणार असतील तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या शाळेत दाखवण्यासाठीचे कार्ड, मागून घ्यावे. ते राहून गेले तरी 6 ते 14 वर्षांच्या मुलाला दाखल्याअभावी किंवा जन्माच्या पुराव्याअभावी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा तसे स्पष्ट सांगतो.

खोली दिवसाउजेडी पाहावी आणि घरमालकाआधी नळावरच्या बायांशी बोलावे. पाणी किती वाजता येते, संडास किती दूर आहे, तिथे रात्री दिवा असतो का, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही. नाल्याकाठची खोली स्वस्त असते, पण भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ दिसते का, ते नीट पाहावे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा लोकांना सामान उचलायलाही वेळ मिळाला नाही.

भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा, असे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो. वस्तीत तो क्वचितच करून मिळतो. निदान भाडे बँकेतून किंवा मोबाइलवरून द्यावे, म्हणजे दर महिन्याची नोंद राहते.

झोपडी विकत घेण्याचा विचार मनात आला तर थांबावे, हे मला सर्वांत कळकळीने सांगावेसे वाटते. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून दिलेल्या कागदाने जागेची मालकी मिळत नाही. राज्याच्या झोपडपट्टी कायद्यात 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून राहणाऱ्यांना मोफत आणि त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून पुनर्वसनाची तरतूद आहे. आज नव्याने उभारलेल्या झोपडीला यांतले काहीच लागू होत नाही. गावातले एकरभर शेत विकून असा कागद घेणारे कुटुंब दोन्हीकडची जमीन गमावून बसते.

बांधकामावर जाणाऱ्याने शंभर पानी वही जवळ ठेवावी. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामाची वाट पाहत उभे राहतात त्या नाक्यावरून, रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला ते मिळवणे फार जड जाते. म्हणून तारीख, कामाचे ठिकाण, ठेकेदाराचे नाव व मोबाइल नंबर त्याच संध्याकाळी लिहून काढावा. ज्याच्याकडे जास्त दिवस भरले, त्याच्याकडे प्रमाणपत्र मागता येते.

वस्ती हटवण्याची नोटीस आली तर घाबरून सामान बांधू नये आणि नोटीस फेकूनही देऊ नये. ती कोणत्या तारखेला मिळाली हे तिच्यावरच लिहावे, मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात मान्य केले. त्याच निकालाने लोकांना हटवण्याचा अधिकारही कायम ठेवला, मात्र त्याआधी त्यांचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक मानले. उत्तर लिहायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळू शकतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी ही मदत मोफत आहे.

या सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गावच्या पेटीत ठेवावा आणि तो कुठे आहे, हे मागे राहणाऱ्या माणसाला निघण्यापूर्वी दाखवून ठेवावे.