झेड ८५३० चिपमध्ये एसडीएलसी मोड आणि पत्त्यानुसार फ्रेमची निवड

झायलॉगच्या झेड ८५३० या सिरियल कंट्रोलरमध्ये (लाइनवरून एकामागून एक बिट पाठवणाऱ्या व घेणाऱ्या चिपमध्ये) ए आणि बी असे दोन चॅनेल असतात. प्रत्येक चॅनेल असिंक्रोनस, कॅरेक्टर-आधारित सिंक्रोनस किंवा एसडीएलसी (फ्रेम म्हणजे पत्ता असलेल्या माहितीच्या गठ्ठ्यांनी संवाद साधण्याची सिंक्रोनस पद्धत) यांपैकी कोणत्याही मोडमध्ये स्वतंत्रपणे चालवता येतो.

चॅनेल रीसेट केल्यावर सर्वप्रथम राइट रजिस्टर ४ (चिपच्या मांडणीसाठी प्रोसेसर ज्यांत लिहितो अशा कप्प्यांपैकी एक) भरावे, कारण इतर रजिस्टरांतील काही बिटांचा अर्थ मोडनुसार बदलतो. एसडीएलसीसाठी बिट ५ व ४ मध्ये १० आणि बिट ३ व २ मध्ये ०० ठेवावे. त्यानंतर रजिस्टर ७ मध्ये ०११११११० हा फ्लॅग (फ्रेमची सुरुवात व शेवट दाखवणारी खूण) आणि रजिस्टर ६ मध्ये आपल्या स्टेशनचा पत्ता लिहावा.

पत्त्यानुसार फ्रेम निवडायच्या की नाही हे रजिस्टर ३ मधील बिट २ ठरवतो. तो १ असेल, तर फ्लॅगनंतरचा पहिला बाइट रजिस्टर ६ शी जुळल्यासच, किंवा तो सर्वांसाठीचा ११११११११ हा पत्ता असल्यासच, फ्रेम आत घेतली जाते. उरलेल्या फ्रेम प्रोसेसरला त्रास न देता हार्डवेअरच टाकून देते. शिवाय त्याच रजिस्टरमधील बिट १ सुरू केल्यास पत्त्याचे फक्त वरचे चार बिट तपासले जातात. एकाच गटातील सोळा पत्ते स्वीकारण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते. मात्र नेमका पत्ता सॉफ्टवेअरने तपासलाच पाहिजे.

लाइनवरील सर्व फ्रेम पाहायच्या असल्यास बिट २ शून्य ठेवावा. रिसीव्हर सुरू करणारा रजिस्टर ३ मधील बिट ० मात्र सर्वांत शेवटी १ करावा.